सकाळी पट्टी निघेना: बूट-टाइम डिफ्रॅगच्या आधी काय काय तपासायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात नवी हळद यायला लागली की माझ्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. सौदा झालेला असतो, शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी, समोर उभा असतो आणि दिवाणजी सांगतात, "बटण दाबून पंधरा मिनिटं झाली, अजून हिशेबाची टॅली उघडेना." वर्षभर कसाबसा चाललेला कॉम्प्युटर हंगामात उघडा पडतो. यार्डातली अडत दुकानं, गणपती पेठेतल्या पेढ्या, कुपवाडचे छोटे कारखाने इथे हाच बिघाड मी इतक्या वेळा काढलाय, की आता दुकानात शिरताना डिस्कच्या आवाजावरूनच अंदाज येतो.

बहुतेक जण दोनच उपाय सुचवतात. "फॉरमॅट मारा" किंवा "चालू होतानाच डिफ्रॅग होईल असं काहीतरी टाका." दुसरा उपाय खोटा नाही. डिफ्रॅग म्हणजे डिस्कभर पसरलेले फाइलचे तुकडे जोडून एका जागी लावणं, आणि ते बूटच्या वेळी, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना केलं की बूट-टाइम डिफ्रॅग. चालू विंडोजमध्ये ज्या फाइल्स हलवता येत नाहीत, त्या स्टार्टअपच्या वेळी जागेवर लावता येतात. पण आधीच्या पायऱ्या गाळून तो केला, तर आजारी डिस्क त्याच रात्री जाऊ शकते. म्हणून खालच्या क्रमानेच चला. फुकटातलं आधी, जोखमीचं शेवटी.

लक्षणं

डेस्कटॉप दिसतो, पण पाच-दहा मिनिटं काहीच उघडत नाही. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सलग पेटलेला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कपुढे १०० टक्के, आणि प्रत्यक्ष वेग बघावा तर सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. डिस्क पूर्ण गुंतलेली आणि हाती काहीच नाही, ही मुख्य खूण.

असं का होतं? हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि वाचणारं हेड तिच्यावरून आत-बाहेर सरकतं. एका शेतकऱ्याची चाळीस पोती एकाच थप्पीला असली, तर हमाल भराभर उचलत जातो. तीच पोती चार गोदामांत दोन-दोन, तीन-तीन करून टाकली, तर वेळ उचलण्यात जात नाही, चालण्यात जातो. फाइलचे तुकडे डिस्कभर पसरले की हेडची तशीच पायपीट होते. मिनिटाला ५,४०० फेरे मारणाऱ्या डिस्कचा एक फेरा सुमारे ११ मिलिसेकंदांचा. हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि हेड सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. एका तुकड्यामागे पंधरा मिलिसेकंद धरले, तरी दोन हजार तुकडे म्हणजे अर्धं मिनिट नुसतं शोधण्यात. तुकडे नसते तर तेवढाच मजकूर डोळ्याची पापणी लवायच्या आत वाचून झाला असता.

सकाळी रखडतो आणि अकरानंतर बरा चालतो, असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. दिवसभर रखडत असेल तर रॅम कमी असण्याची किंवा डिस्क आजारी असण्याची शक्यता जास्त. रोज सकाळी काळ्या पडद्यावर डिस्क तपासणी सुरू होत असेल, तर मशीन नीट बंद होत नाहीये.

आणि आवाज ऐका. सलग कुरकुर म्हणजे हेडची धावपळ. ठरावीक अंतराने टक्... टक्... टक् असा आवाज येत असेल तर मधलं काहीही करू नका. मशीन बंद करा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

आधी फुकटातल्या गोष्टी

पहिलं काम मोजायचं. 'फार वेळ लागतो' यावर दुरुस्ती करता येत नाही. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा. त्यात ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत जा. १०० क्रमांकाच्या नोंदीत बूटला किती मिलिसेकंद लागले ते लिहिलेलं असतं. हा आकडा कागदावर उतरवून घ्या. पुढची प्रत्येक पायरी झाल्यावर याच्याशीच ताडायचंय, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

दुसरं, एकदा 'रीस्टार्ट' करा. शट डाउन नव्हे, रीस्टार्ट. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तीत शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू इथे 'अप टाइम' बघा. रोज संध्याकाळी बंद होणाऱ्या मशीनवर वीस-वीस दिवसांचा आकडा मी पाहिलाय. म्हणजे वीस दिवसांचा गाळ रोज सकाळी तसाच परत येतो. काही दुकानांत नुसत्या रीस्टार्टने काम झालंय आणि मी पैसे घेतलेले नाहीत.

हे लक्षात ठेवायचं आणखी एक कारण आहे. बूटच्या वेळी होणारी कामं, मग ती चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) असो की डिफ्रॅग, रीस्टार्टलाच नीट सुरू होतात. शट डाउन करून सकाळी चालू केलं तर ती बहुतेक वेळा होतच नाहीत, आणि लोक समजतात सॉफ्टवेअर खराब आहे.

तिसरं, डिस्क कोणत्या जातीची आहे? स्टार्टमध्ये डिफ्रॅग शोधा. 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' ही खिडकी उघडेल, त्यात प्रत्येक ड्राइव्हपुढे जात लिहिलेली असते. 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असेल तर डिफ्रॅगचा विषय संपला. एसएसडीत फिरती चकती नाही, सरकतं हेड नाही, त्यामुळे तुकडे पसरले तरी पायपीट नाही. उलट एसएसडीच्या पेशींवर लिहिण्याला मर्यादा असते, आणि डिफ्रॅग म्हणजे विनाकारण लिखाण. विंडोज तिथे 'ऑप्टिमाइझ' म्हणून ट्रिम पाठवतं, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली ते ड्राइव्हला कळवतं. तेवढं पुरे. एसएसडी असूनही सकाळी रखडत असेल तर दोष दुसरीकडे शोधा.

मोकळी जागा बघा. सी ड्राइव्हवर निदान १५ टक्के जागा मोकळी हवी. तुकडे जोडायचे म्हणजे सलग जागा लागते. गोदाम गच्च भरलं असेल तर थप्प्या कुठे हलवणार? जागा खाणाऱ्या गोष्टी बहुतेक त्याच असतात. डाउनलोड्समधले दोन वर्षांचे स्कॅन, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ, आणि विंडोज अपडेटनंतर मागे राहिलेला 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर. हा फोल्डर हाताने उडवू नका, डिस्क क्लीनअपमधून काढा.

इथे एक कळकळीची विनंती. 'टेम्प' फोल्डरबरोबर 'प्रीफेच' फोल्डर रिकामा करायची सवय आपल्या भागात फार पसरलीये. टेम्प काढा, हरकत नाही. प्रीफेचला हात लावू नका. कोणता प्रोग्रॅम सुरू होताना कोणत्या फाइल्सचे कोणते भाग लागतात, याची टिपणं विंडोज तिथे ठेवतं. बूटला लागणाऱ्या फाइल्स जवळजवळ लावण्यासाठी डिफ्रॅगही हीच टिपणं वापरतं. ती पुसली की पुढचे काही दिवस मशीन आणखी हळू उठतं, मग माणूस पुन्हा प्रीफेच रिकामा करतो.

स्टार्टअप ॲप्सची यादी टास्क मॅनेजरमध्येच आहे. अँटीव्हायरस, हिंदी-मराठी टायपिंगचं साधन आणि लागत असेल तर प्रिंटरचं सॉफ्टवेअर ठेवा. बाकीचं 'डिसेबल' करा. पाच मिनिटांचं काम आहे.

डिस्कची तब्येत

ही पायरी मी कुणालाच गाळू देत नाही. सुरुवातीच्या काळात मी स्वतः ती गाळली होती. एका पेढीचा कॉम्प्युटर रखडत होता. मी तब्येत न बघता बूट-टाइम डिफ्रॅग लावला आणि घरी आलो. सकाळी पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही'. डिस्क आधीपासून आजारी होती आणि रात्रभर लाखो तुकडे उचलून ठेवण्याचं काम तिला झेपलं नाही. महिन्यापूर्वीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता म्हणून वर्षाचा हिशेब वाचला. मधल्या महिन्याच्या नोंदी त्या पेढीच्या दिवाणजींनी कच्च्या वहीवरून पुन्हा भरल्या, आणि मी तीन रविवार शेजारी बसून त्यांना आकडे वाचून दाखवले.

तेव्हा आधी बॅकअप. टॅलीचा डेटा, पट्ट्या, जीएसटीच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या. ती डिस्क काढून बाजूला ठेवा आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट साधन चालवा. हार्ड डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. हे साधन ती वाचून दाखवतं. चार ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकाल अडकलेले सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी७ म्हणजे केबलमधून येताना बिघडलेला डेटा. शेवटच्या स्तंभातले आकडे मुळात षोडशमान पद्धतीत दिसतात, म्हणजे तिथला १० हा आपला १६ असतो. त्यावरून गडबडू नका.

सी५ किंवा सी६ शून्य नसेल तर डिफ्रॅग करायचं नाही. एकही सेक्टर अडलेला असेल तर नाही. डिफ्रॅग म्हणजे डिस्कवरचा मोठा भाग वाचून पुन्हा लिहिणं, आणि थकलेल्या डिस्कला नेमकं तेच झेपत नाही. ०५ चा आकडा थोडा असेल आणि महिनाभर तिथेच थांबलेला असेल तर काम चालू शकतं, वाढत असेल तर नाही. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम नोंदींत 'डिस्क' या नावाखाली ७ क्रमांक दिसला, तर विंडोजलाही खराब ब्लॉक सापडलाय असा त्याचा अर्थ.

सी७ वाढत असेल तर मात्र आनंद माना, कारण बहुधा डिस्क जोडणारी साटा केबलच दोषी असते आणि ती स्वस्त आहे. वीज काढून केबल दोन्ही टोकांना नीट बसवा किंवा बदला. हा आकडा मागे येत नाही, पण वाढायचा थांबला पाहिजे. हळदीच्या दुकानातलं कॅबिनेट उघडलं तर आत पिवळी साय धरलेली असते. ब्लोअरने ती काढा. पंख्याची वाट बुजली की डिस्कही तापते.

विंडोजचं स्वतःचं डिफ्रॅग, आणि तुमच्याकडे ते का होत नाही

मगाशी उघडलेल्या खिडकीत सी ड्राइव्ह निवडून 'ॲनलाइझ' दाबा. दहा टक्क्यांच्या वर आकडा आला तर 'ऑप्टिमाइझ' करा. पाचशे जीबीच्या भरलेल्या डिस्कला काही तास सहज लागतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी करा. मशीन यूपीएसवर हवं. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइल्स ठेवायची पद्धत) आधी मजकुराची नक्कल नव्या जागी करतं आणि मगच पत्ता बदलतं, त्यामुळे वीज गेली तरी फाइल सहसा वाचते. तरीही वारंवार वीज जाणाऱ्या भागात ही जोखीम घेऊ नये. साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, तेवढ्यात 'स्टॉप' दाबून मशीन नीट बंद करता येतं.

आता खरं दुखणं. विंडोज ७ मध्ये डिफ्रॅगची वेळ ठरलेली असते, बुधवारी रात्री एक वाजता. विंडोज १० मध्ये देखभालीची वेळ रात्री दोनची. ती हुकली तर मशीन चालू पण मोकळं असताना काम होतं. आपल्या दुकानांत काय होतं? नऊला मशीन चालू, लगेच बिलं, दिवसभर उसंत नाही, आणि संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच खाली. म्हणजे रात्री नाही आणि दिवसाही नाही. वर्षानुवर्षं एकदाही डिफ्रॅग न झालेली मशिनं मला याच कारणाने सापडतात. डिफ्रॅग करून दिलं तरी सहा महिन्यांनी तक्रार परत येते तीही यामुळेच. उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत मशीन चालू आणि मोकळं राहू द्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला हवा, बॅटरीवर हे काम होत नाही.

एक इशारा. डिफ्रॅगने खूप मजकूर हलला की जुने रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोज मागच्या स्थितीला नेण्यासाठी ठेवलेल्या खुणा, पुसले जाऊ शकतात. त्यांच्या भरवशावर असाल तर आधी विचार करा.

याच टप्प्यावर रॅमही बघा. चार जीबी रॅमवर टॅली, क्रोम आणि व्हॉट्सॲप एकदम उघडलं, तर विंडोज उरलेलं सामान डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकत राहतं, आणि कितीही डिफ्रॅग केलं तरी डिस्क १०० टक्क्यांवरून हलत नाही.

न हलणाऱ्या फाइल्स

एवढं करूनही बूट सुधारला नाही तर वळायचं त्या फाइल्सकडे, ज्या विंडोज चालू असताना हलत नाहीत. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल (बंद करताना रॅममधलं जिथे साठवतात ती), रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या फाइल्स. बूटच्या वेळी डिफ्रॅग करायची कल्पना यांच्यासाठीच निघाली. पण पहिल्या दोन फाइल्स बाहेरच्या साधनाशिवाय सरळ करता येतात, आणि मला तीच वाट जास्त पटते.

हायबरनेशनसाठी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, जागा, स्लॅश एच, जागा, ऑफ असं टाइप करून एंटर दाबा. फाइल पुसली जाते, फास्ट स्टार्टअपही बंद होतं. पेजफाइलसाठी सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमधून व्हर्च्युअल मेमरीत जा, 'नो पेजिंग फाइल' निवडा आणि रीस्टार्ट करा. या मधल्या वेळात टॅली किंवा ब्राउझर उघडू नका, रॅम संपेल. आता ऑप्टिमाइझ चालवा. ते झाल्यावर पेजफाइल परत द्या, पण सुरुवातीचा आणि कमाल आकार एकच ठेवून. उदाहरणार्थ दोन्हीकडे ४०९६ एमबी. आकार बदलत नाही म्हणून ती पुढेही सहसा तुटत नाही. मग तीच कमांड 'ऑन' लिहून द्या आणि रीस्टार्ट करा.

बूट-टाइम डिफ्रॅग

विंडोज एक्सपीच्या जमान्यात यासाठी पेजडिफ्रॅग नावाचं छोटं साधन होतं, सिसइंटर्नल्सच्या मार्क रुसिनोविच यांचं. चेकडिस्क ज्या टप्प्यावर चालतं त्याच टप्प्यावर, बाकी सेवा सुरू व्हायच्या आधी, ते पेजफाइल आणि रजिस्ट्रीचे तुकडे जोडायचं. एक्सपीवर मी ते शेकडो वेळा वापरलंय आणि फरक घड्याळावर दिसायचा. व्हिस्टा आणि पुढच्या विंडोजवर ते चालत नाही. कुणी विंडोज १० साठी म्हणून ते देत असेल तर घेऊ नका.

आजही काही डिफ्रॅग सॉफ्टवेअरमध्ये बूट-टाइमचा पर्याय मिळतो. तो लावायच्या अटी माझ्याकडे पक्क्या आहेत. हार्ड डिस्क असावी, एसएसडी नव्हे. सी५ आणि सी६ शून्य. बॅकअप तपासलेला. यूपीएस चांगला. आणि ॲनलाइझमध्ये या फाइल्स खरोखर तुटलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादी पेजफाइल तीन-चार तुकड्यांत असेल तर बूटवर त्याचा काही परिणाम होत नाही. शेकडो तुकडे असतील तरच हात घाला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. 'एका क्लिकमध्ये वेग वाढवा' म्हणणाऱ्या जाहिरातींतून आणलेल्या सामानानेच निम्मी मशिनं सुस्त झालेली असतात.

एकदाच लावा, 'प्रत्येक बूटला' असं कधीही निवडू नका. नाहीतर सकाळची दहा मिनिटं वाचवायला निघालात आणि रोज वीस मिनिटांची भर घातलीत. लावल्यावर रीस्टार्ट करा. टक्केवारी बराच वेळ एका आकड्यावर थांबते, तेव्हा डिस्कचा दिवा लुकलुकतोय का ते बघा. लुकलुकत असेल तर काम चालू आहे, पॉवर बटणाला हात लावू नका. काम झाल्यावर इव्हेंट १०० चा आकडा पुन्हा बघा. फरक पडला नसेल तर दुसरं सॉफ्टवेअर आणून तेच पुन्हा करू नका. त्या डिस्ककडून मिळण्यासारखा वेग मिळून गेलाय, आता एसएसडी बसवून जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून घ्या. डिस्क निरोगी असेपर्यंत ही नक्कल सोपी असते.

इथे थांबा

टकटक आवाज, वाढणारा सी५, मध्येच गायब होणारा ड्राइव्ह, बॅकअप नसताना न उघडणारी टॅलीची फाइल: यातलं एकही असेल तर स्वतः काही करू नका. चेकडिस्कसुद्धा चालवू नका, विशेषतः खराब सेक्टर शोधणारं. ते सगळी डिस्क तासन्‌तास वाचत बसतं आणि मरायला टेकलेल्या डिस्कचा उरलेला वेळ त्यात जातो. मशीन बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या.

पुरात भिजलेली डिस्क हा वेगळा विषय आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी दुकानांत शिरलं, तेव्हा अनेकांनी कॅबिनेट उन्हात वाळवून बटण दाबलं. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आणि गाळ आत जातो. तशी डिस्क फिरवली की चकतीवर ओरखडे उठतात आणि मग लॅबलाही काही काढता येत नाही. भिजलेली डिस्क चालू न करता, उघडून न बघता, आहे तशी रिकव्हरी लॅबकडे पाठवा.

दुकानात दुरुस्तीला नेणार असाल तर तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: बूटचा इव्हेंट १०० मधला आकडा, स्मार्टच्या चार ओळी, आणि तुम्ही आतापर्यंत काय काय केलंत ते. बॅकअप कुठे आहे तेही आधीच सांगा आणि 'मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका' असं त्याच कागदावर लिहून द्या.